इंदूर ते सेंधवा : भरतीच्या गाडीचा आणि नाक्यांचा इतिहास

आपल्यापैकी बहुतेकांनी इंदूरहून नाशिक, पुणे, मुंबई किंवा शिर्डी हा प्रवास आग्रा-मुंबई रस्त्याने, म्हणजे आपल्या तोंडात बसलेल्या 'ए. बी. रोड'ने, अनेकदा केलेला आहे. राऊ मागे पडते, मानपूर येते, घाट उतरून धामनोद, मग खलघाटला नर्मदामाईला हात जोडायचे, पुढे ठीकरी, जुलवानिया आणि सेंधवा. सेंधव्यानंतर बिजासनी मातेचे दर्शन घेऊन सातपुडा उतरला की दुकानांच्या पाट्या मराठीत दिसू लागतात आणि गाडीतले ज्येष्ठ हमखास म्हणतात, "आलो बुवा महाराष्ट्रात."

या सगळ्या वाटेवर आपल्या पुढेमागे सतत असतो तो ट्रक. आपण हॉर्न देऊन त्याच्या पुढे जातो आणि विसरतो. मी मध्य प्रदेश शासनाच्या बांधकाम खात्यात उपयंत्री आहे. स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका घेऊन नोकरीला लागलो, तेव्हापासून रस्ता हाच रोजचा विषय. इतिहासाचा मी पदवीधर नाही. पण रस्त्याची जाडी ठरवायची तर त्यावरून किती टनाची, किती गाडी जाणार हे मोजावे लागते. ते मोजता मोजता ही गाडी आली कुठून, ती एवढी भरलेली का असते आणि तिला पोहोचायला एवढा वेळ का लागत असे, हे प्रश्न पडू लागले. त्यांची जी उत्तरे हाती लागली ती आपल्या मंडळाच्या वाचकांपुढे ठेवतो.

इंदूर ते सेंधवा अंतर सुमारे दीडशे किलोमीटर. मोटारीने तीन तासांचे काम. मालाची गाडी मात्र अंतराच्या हिशेबाने कधीच चालली नाही. तिचा वेळ आणि तिचे भाडे ठरवले ते थांब्यांनी. कधी संस्थानाचा सायर नाका, कधी परमिट, कधी चुंगी, कधी विक्रीकराचा तपासणी नाका. एका व्यापाऱ्याचा माल एकाच गाडीत गच्च भरून, मध्ये कुठेही न उघडता थेट पोहोचवायचा, ही जी 'भरतीची गाडी' आज आपण पाहतो, ती या थांब्यांना व्यापाऱ्याने दिलेले उत्तर आहे असे मला वाटते.

तांडा आणि हुंडेकरी

रस्ते पक्के होण्याआधी माळव्यातला आणि दख्खनमधला अवजड माल वाहिला तो बंजाऱ्यांच्या बैलांनी. सतराव्या शतकात हिंदुस्थानात फिरलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. असा तांडा वाटेत आडवा आला तर प्रवाशाला दोन-तीन दिवस खोळंबून राहावे लागे, असेही तो सांगतो. त्याची आणखी एक नोंद आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. या वाहतूकदारांच्या चार जमाती असून प्रत्येक जमात एकच जिन्नस वाहते : एक धान्य, दुसरी तांदूळ, तिसरी डाळी आणि चौथी मीठ. म्हणजे तांडा ही मिसळीची वाहतूक नव्हती. एक तांडा, एक माल. आजच्या भाषेत बोलायचे तर फुल लोड.

मराठ्यांच्या फौजांना रसद पुरवणारेही हेच बंजारे. होळकर-शिंद्यांच्या छावण्या त्यांच्या बैलांवर जगल्या. पण शांततेच्या काळात व्यापारी माल निघाला की वाटेत जागोजागी जकात असे. सुभेदाराची वेगळी, जहागीरदाराची वेगळी, घाटाची वेगळी, नदीच्या उताराची वेगळी. कोणत्या चौकीवर किती द्यायचे हे व्यापाऱ्याला घरबसल्या कळणे अशक्य. यातून आपल्या भाषेत एक धंदा आणि एक शब्द तयार झाला : हुंडेकरी. हुंडेकरी म्हणजे माल अमुक गावाहून तमुक गावी पोहोचवण्याची, वाटेतली सगळी जकात आणि भाडे धरून, एकरकमी बोली घेणारा माणूस. या ठोक बोलीला 'हुंडा' म्हणत. व्यापारी एकच रक्कम देई आणि निश्चिंत होई. वाटेत कुठे थांबायचे, कोणाला किती द्यायचे, कोणती चौकी टाळून आडवाटेने जायचे, ही डोकेदुखी हुंडेकऱ्याची. माळव्याच्या या व्यवहाराचे वर्णन सर जॉन माल्कम याच्या १८२३ च्या ग्रंथातही सापडते.

हुंडेकरी हे आडनाव आजही आपल्या ओळखीत असते. ते ऐकले की मला दोनशे वर्षांपूर्वीचा ट्रान्सपोर्ट ठेकेदार दिसतो. अंतराचा भाव कोणीही सांगेल. थांब्यांचा भाव ज्याला ठाऊक, तो हुंडेकरी.

१८१८ ची रेघ

आज सेंधव्याच्या पुढे महाराष्ट्र सुरू होतो. ही सीमा १९५६ किंवा १९६० मध्ये आखली गेली असा आपला समज असतो. प्रत्यक्षात तिचे मूळ बरेच जुने आहे. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरला क्षिप्राकाठी होळकरांच्या फौजेचा इंग्रजांकडून पराभव झाला आणि ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसौरचा तह झाला. त्या तहात होळकरांनी सातपुड्यातला आणि त्याच्या दक्षिणेकडचा आपला सारा मुलूख सोडला. त्यात खानदेश गेला आणि घाटाच्या तोंडावर पहारा देणारा सेंधव्याचा किल्लाही गेला. इंग्रजांनी एवढ्याशा किल्ल्याचे नाव तहात मुद्दाम का घातले असेल, हे त्या किल्ल्याच्या दरवाज्यात उभे राहिले की समजते. निमाडातून खानदेशात उतरणारी वाट त्याच्या ताब्यात होती.

त्याच वर्षी होळकरांची राजधानी इंदूरला आली. म्हणजे आपले शहर राजधानी होणे आणि त्याची दक्षिणेची वाट परक्या हद्दीत जाणे, या दोन्ही गोष्टी एकाच तहाच्या पाठोपाठ घडल्या. सातपुड्याच्या अलीकडे होळकर संस्थान, पलीकडे मुंबई इलाखा. पुढे अलीकडे मध्य भारत, पलीकडे मुंबई राज्य. आता अलीकडे मध्य प्रदेश, पलीकडे महाराष्ट्र. नावे बदलली, पण बिजासनीच्या डोंगरातली रेघ जवळपास तिथेच राहिली. गंमत अशी की पलीकडच्या खानदेशातल्या कितीतरी घराण्यांची कुलदेवता बिजासनी. रेघ राज्यकर्त्यांनी ओढली, पण कुलाचार करायला माणसे ती ओलांडून येतच राहिली.

रेघ आली की नाका आलाच. मुंबई इलाख्यातल्या अंतर्गत जकाती इंग्रजांनी १८३८ मध्ये उठवल्या. संस्थानी हद्दीत मात्र सायर चालू राहिला तो थेट संस्थाने विलीन होईपर्यंत. याशिवाय एका मालावर इंग्रजांची खास नजर होती : माळव्याची अफू. ती मुंबईला जाऊन तिथून जहाजाने चीनला जाई. १८३० पासून या अफूला इंदूरमध्ये पास घ्यावा लागे. एका पेटीत सुमारे ६३ किलो अफू मावे आणि त्या पेटीमागे सुरुवातीला १७५ रुपये पासाचे द्यावे लागत. १८४३ मध्ये सिंध इंग्रजांच्या हाती गेल्यावर कराचीची पळवाट बंद झाली आणि १८४७ मध्ये हाच दर ४०० रुपयांवर गेला. पास इंदूरला, माल मुंबईला, मध्ये उघडायचे काम नाही. एका ठिकाणी कर भरून सीलबंद माल थेट नेण्याची ही पद्धत पुढे फार उपयोगी पडणार होती, फक्त तिचा माल बदलणार होता.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आग्रा-मुंबई रस्ता बांधून निघाला आणि बैलांच्या पाठीवरचा माल बैलगाडीत आला. मग आली रेल्वे. महाराजा तुकोजीराव होळकर दुसरे यांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये साडेचार टक्के व्याजाने १०१ वर्षांसाठी कर्जाऊ दिले आणि खंडवा ते इंदूर 'होळकर स्टेट रेल्वे' उभी राहिली. नर्मदेवरचा मोरटक्क्याचा पूल १८७६ चा. आपल्या शहराच्या इतिहासातली ही अभिमानाची गोष्ट. तिचे दोन परिणाम मात्र आपल्या विषयाशी थेट जोडलेले आहेत.

पहिला, इंदूरची लाइन मीटर गेज होती आणि खंडव्याला भेटणारी मुंबईची लाइन ब्रॉड गेज. इंदूरहून निघालेली गासडी खंडव्याला एका डब्यातून काढून दुसऱ्या डब्यात भरावी लागे. हमाली दोनदा, खोळंबा दोनदा, फाटतूट वेगळी. हा आणखी एक थांबाच झाला. दुसरा परिणाम असा की रेल्वे खंडव्याकडून गेल्यामुळे सेंधव्याची वाट बाजूला पडली. कपाशीने भरलेल्या त्या टापूला आगगाडी मिळालीच नाही. पुढे मोटार ट्रक आला तेव्हा त्याला जी जागा मिळाली, ती या दोन उणिवांमुळे.

परमिटचा काळ

दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराचे जुने ट्रक बाजारात आले आणि देशभर अनेकांनी त्यावर धंदा सुरू केला. १९५४ मध्ये जमशेदपूरच्या टाटा कारखान्यातून मर्सिडीज-बेंझच्या सहकार्याने बनलेला ट्रक बाहेर पडला. जुन्या ड्रायव्हरांच्या तोंडी अजून 'मर्सिडीज' हा शब्द येतो तो त्या ट्रकासाठी, श्रीमंतांच्या मोटारीसाठी नव्हे. इंदूरच्या गिरण्यांचे कापड, माळव्याचा गहू, निमाडचा कापूस रस्त्याने जाऊ लागला. दारातून उचलायचा, दारात उतरवायचा, मध्ये खंडवा नाही.

पण रस्ता मोकळा नव्हता. १९३९ चा मोटार वाहन कायदा झाला तेव्हा सरकारला रेल्वेचे उत्पन्न सांभाळायचे होते. त्यामुळे ट्रकाला ठराविक भागापुरतेच परमिट मिळे. दुसऱ्या राज्यात जायचे तर त्या राज्याच्या अधिकाऱ्याची परमिटवर प्रतिस्वाक्षरी लागे आणि किती गाड्यांना ती द्यायची याची संख्या दोन राज्ये आपापसात ठरवीत. ज्याच्याकडे प्रतिस्वाक्षरी नाही त्याचा ट्रक सीमेपर्यंतचा. सेंधव्यासारख्या गावाला महत्त्व आले ते असे. डोंगर उतरायची ताकद ट्रकात होती, पण परवानगी कागदात.

ही गाठ सैल झाली १९७५ मध्ये, नॅशनल परमिटची योजना आली तेव्हा. पुढे १९८८ च्या नव्या मोटार वाहन कायद्याने परमिट देणे अधिक खुले केले आणि २०१० पासून ठराविक वार्षिक रक्कम एकदाच भरून देशभर जाता येऊ लागले. ट्रकाच्या कपाळावर मोठ्या अक्षरात रंगवलेले 'नॅशनल परमिट' हे शब्द आपण रोज वाचतो. त्यामागे छत्तीस वर्षांची वाट पाहणे आहे.

भरतीची गाडी आणि परचून

आता भरतीच्या गाडीचा व्यवहार थोडक्यात सांगतो, कारण आपल्यापैकी नोकरी करणाऱ्यांना तो सहसा ठाऊक नसतो.

ट्रान्सपोर्टवाल्याकडे माल दोन प्रकारे जातो. एक परचून, म्हणजे अनेकांचे थोडे थोडे नग एकाच गाडीत. दुसरी भरती, म्हणजे एकाच पार्टीची पूर्ण गाडी. परचूनचा माल आधी गोदामात येतो, गाडीपुरता साठतो, मग निघतो, पोहोचल्यावर पुन्हा गोदामात उतरतो आणि तिथून वाटला जातो. भरतीची गाडी थेट कारखान्याच्या किंवा आडत्याच्या दारात लागते. काट्यावर रिकाम्या गाडीचे वजन होते, माल भरतो, ताडपत्री पडते, रस्सा आवळला जातो, पुन्हा काट्यावर भरलेले वजन होते आणि बिल्टी फाटते. लोहामंडी, ट्रान्सपोर्ट नगर किंवा देवास नाक्यावरचा दलाल गाडी आणि माल यांची गाठ घालून देतो. भाड्याचा मोठा भाग आगाऊ मिळतो आणि उरलेला माल मिळाल्याची सही, म्हणजे 'पोच', परत आल्यावर. परतीचे भाडे मिळाले तर फायदा, नाही तर रिकामी गाडी डिझेल खात येते.

टनामागे भाडे पाहिले तर भरती स्वस्त पडते, हे कोणीही सांगेल. पण पूर्वी तिची खरी किंमत नाक्यावर कळे. परचूनच्या गाडीत पाऊणशे बिल्ट्या असतील, तर पाऊणशे व्यापाऱ्यांची बिले आणि कागद असत. मध्य प्रदेशात व्हॅटच्या काळात बाहेरून येणाऱ्या ठराविक मालासाठी 'फॉर्म ४९' लागे. त्यातल्या एका व्यापाऱ्याचा कागद अपुरा निघाला की बाकी चौऱ्याहत्तर जणांचा मालही उभा. भरतीच्या गाडीत एक पार्टी, एक बिल, एक बिल्टी. कागद बरोबर तर गाडी पुढे. हुंडेकऱ्याने जे काम आपल्या ओळखींनी केले, ते या गाडीने एका कागदाने केले.

सीमेवरच्या गावाचे नशीब कर आणि नियमांच्या फरकावर कसे फिरते, त्याचे सेंधवा हे चांगले उदाहरण आहे. १९७२ मध्ये महाराष्ट्राने कापूस एकाधिकार खरेदी योजना आणली. शेतकऱ्याने कापूस सरकारी योजनेलाच विकायचा, खासगी व्यापाऱ्याला नाही. ज्या वर्षी बाहेरचा भाव चढा असे किंवा योजनेचे पैसे उशिरा मिळत, त्या वर्षी महाराष्ट्राच्या सीमाभागातला कापूस बाहेरच्या बाजारांकडे वळे. सेंधव्याच्या जिनिंगवाल्यांना कापूस काही मैलांवर होता, फक्त मध्ये राज्याची हद्द होती. एरवी माल अडवणारी रेघ अशा वेळी माल ओढून घेणारी ठरे.

नाके उठले

जकात किंवा चुंगी हा गावागावाचा नाका होता. नगरपालिकेच्या हद्दीत माल आला की भरा. मध्य प्रदेशाने १९७६ मध्ये चुंगीऐवजी प्रवेश कर आणला आणि गावाच्या वेशीवर गाडी अडवणे थांबले. महाराष्ट्रात हे फार हळू झाले. मुंबई महापालिकेची जकात तर २०१७ पर्यंत होती. इंदूरहून निघालेल्या गाडीला आपल्याकडे चुंगी नव्हती, पण मुंबईच्या वेशीवर रांग होती.

मग १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला. मुंबईची जकात त्याच दिवशी संपली आणि राज्यांचे विक्रीकर तपासणी नाके उठले. १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य मालासाठी ई-वे बिल आले. ५० हजार रुपयांपेक्षा जास्त किमतीचा माल असेल तर गाडी निघण्याआधीच संगणकावर कागद तयार. त्याची मुदत आधी दर १०० किलोमीटरला एक दिवस होती, १ जानेवारी २०२१ पासून ती २०० किलोमीटरला एक दिवस झाली. एका सरकारी नियमात हा आकडा दुप्पट होणे म्हणजे गाडी आता पूर्वीपेक्षा कमी थांबते हे सरकारने मान्य करणे होय. फेब्रुवारी २०२१ मध्ये टोलवर फास्टॅग सक्तीचा झाला. आणि १ जुलै २०२४ पासून मध्य प्रदेशाने परिवहन खात्याचे सीमेवरचे कायमचे तपासणी नाकेही बंद केले. त्यात सेंधव्याजवळचा बालसमुदचा नाकाही आला.

म्हणजे तांड्याच्या काळापासून चालत आलेली माल अडवण्याची परंपरा आपल्या डोळ्यांदेखत सात वर्षांत जवळजवळ संपली. आपल्या शहरात 'देवास नाका' हे नाव राहिले, नाका राहिला नाही. ही लहान घटना नाही. पण तिच्याबद्दल फारसे कोणी लिहिले नाही, कारण नाका असतो तेव्हा ओरड होते, उठल्यावर कोणी आठवण काढत नाही.

उरलेले दोन थांबे

सगळे थांबे गेले का? दोन उरले आहेत आणि दोन्ही ड्रायव्हरच्या वाट्याला आले आहेत.

एक डोंगराचा. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर आहे आणि खलघाटची नर्मदा सुमारे १५० मीटरवर. म्हणजे भरलेल्या गाडीला जवळजवळ ४०० मीटर खाली उतरायचे असते आणि त्यातला कठीण टप्पा मानपूर-धामनोद दरम्यानच्या गणपती घाटात आहे. आपल्या आराध्याच्या नावाचा हा घाट, पण चौपदरी रस्ता झाल्यानंतर तो अपघातांसाठीच ओळखला जाऊ लागला. ब्रेक फेल झालेला ट्रक समोरच्या गाड्यांवर जाऊन आदळल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचल्या.

'ब्रेक फेल' म्हणजे नेमके काय होते, हे समजून घेण्यासारखे आहे. २०१८ मध्ये केंद्राने धुरीवरचा कायदेशीर भार वाढवला. चार चाकांच्या एका धुरीला १०.२ टनांऐवजी ११.५ टन, जोडधुरीला १९ ऐवजी २१ टन. त्यामुळे बारा चाकी ट्रक मालासकट ३५ टनांपर्यंत जातो. असा ट्रक १०० मीटर खाली उतरला की जेवढी ऊर्जा बाहेर पडते, ती साधारण एक लिटर डिझेल जाळल्यावर मिळणाऱ्या उष्णतेएवढी असते. गाडी गिअरमध्ये असेल तर त्यातला बराच भाग इंजिन आपल्या अंगावर घेते. पण एक-दोन लिटर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडली, तर ती सगळी उष्णता ब्रेकच्या ड्रममध्ये जाते. ड्रम तापतो, लाइनिंगची पकड सुटते आणि पाय दाबूनही काही होत नाही. जे वाचवायचे होते तेवढ्याच डिझेलची आग चाकात पेटते. म्हणून जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरमध्ये घाट चढशील त्याच गिअरमध्ये उतर. यात तंत्रज्ञान आले आणि शहाणपणही.

पण सगळा दोष ड्रायव्हरवर टाकून आम्हा रस्तेवाल्यांना मोकळे होता येत नाही. उताराची तीव्रता आणि लांबी ही आखणीची बाब आहे. २०२४ च्या अखेरीस तिथे ८.८ किलोमीटरचा नवा पर्यायी रस्ता सुरू झाला. इंदूरकडून उतरणारी वाहने आता कमी उताराच्या त्या वाटेने जातात आणि जुना रस्ता चढणाऱ्यांसाठी राहिला. भरलेला ट्रक समोर ठेवून उतार आखला की काय फरक पडतो, हे आता सगळ्यांना दिसेल. ही गोष्ट आधी व्हायला हवी होती, असे मी खात्यातला माणूस असूनही म्हणतो.

दुसरा थांबा गोदामाच्या दारातला. नाके उठल्यामुळे वाचलेले तास व्यापाऱ्याला मिळाले, ड्रायव्हरला क्वचितच. गाडी वेळेवर पोहोचते आणि मग उतरवून घ्यायला कोणी नाही म्हणून उभी राहते. कधी एक दिवस, कधी दोन. सरकारी नाक्यावरच्या रांगेची निदान बातमी होई, गोदामासमोरच्या रांगेची होत नाही. त्यात महाराष्ट्रात माल उतरवताना 'वाराई' म्हणून हमालीची रक्कम गाडीवाल्याकडून घेण्याची रीत आहे. तिच्याविरुद्ध दोन्ही राज्यांतल्या वाहतूकदारांनी घोषणा दिली : 'ज्याचा माल, त्याचा हमाल'. चार शब्दांत सगळा न्याय आहे. माल माझा नाही, विकून नफा मला नाही, तर उतरवण्याची मजुरी माझ्या भाड्यातून का?

जुना हुंडेकरी थांब्यांची जोखीम घेई, पण तिची किंमतही हुंड्यात आधीच धरून घेई. आजचा ड्रायव्हर जोखीम घेतो आणि किंमत दुसरेच ठरवतात. दोनशे वर्षांत हा एवढाच फरक पडला असेल, तर तो चांगला नाही.

आता रेल्वे

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने इंदूर-मनमाड या ३०९ किलोमीटरच्या नव्या रेल्वेमार्गाला मंजुरी दिली. खर्चाचा अंदाज १८,०३६ कोटी रुपये, नवी स्थानके ३० आणि पूर्ण करण्याचे लक्ष्य २०२८-२९. हा मार्ग निमाड आणि खानदेशातून सातपुडा ओलांडून जाईल. जी वाट होळकरांच्या काळात रेल्वेने बाजूला टाकली, तिच्यावर दीडशे वर्षांनी रूळ येतील आणि या वेळी मध्ये गेज बदलायचा खंडवा नसेल.

ट्रकाचे काय होईल, असा प्रश्न ट्रान्सपोर्ट नगरात विचारला जातो. माझा अंदाज असा की लांबचा अवजड माल, म्हणजे कंटेनर, सोयाबीनची पेंड, सिमेंट, हळूहळू रुळांवर जाईल. पण स्थानकापासून दारापर्यंत आणि दारापासून स्थानकापर्यंत गाडी लागेलच, आणि ताज्या मालाला, घाईच्या मालाला भरतीचा ट्रकच लागेल. घाटातली भरलेल्या गाड्यांची गर्दी थोडी जरी कमी झाली, तरी काही घरांतले कर्ते पुरुष रात्री घरी पोहोचतील. रेल्वेचा तेवढा फायदा आकड्यांत कुठे धरलेला नसतो.

गणेशोत्सवात आपल्या मंडपात जे जे येते, प्रसादाचा गूळ, मंडपाचे कापड, मखराचे सामान, त्यातले बहुतेक कोणत्या तरी ट्रकाने आलेले असते. यंदा आरतीनंतर प्रसाद वाटताना मंडपाचे सामान आणणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर आणि क्लीनर बाहेर उभे असतील तर त्यांना आत बोलवावे, आणि सामान उतरवायला आपली पोरे पुढे व्हावीत. माल मंडळाचा, तर हमालही मंडळाचाच असायला हवा.